पाळक गर्गे यांचं शेवटचं प्रकरण

आमच्या घराण्यात एक पाळक होऊन गेला हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही प्लेनोच्या घरात, गॅरेजमधून किराणा आत आणताना. नाना डायनिंग टेबलापाशी बसले होते. मी दुधाचा गॅलन फ्रीजमध्ये कोंबत होतो. ते म्हणाले, "शैलेंद्र, तुझ्या खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता. विनायक. तो ख्रिस्ती झाला आणि पुढे इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळक झाला. रेव्हरंड विनायक नारायण गर्गे. मी त्यांचं चरित्र लिहायला घेतोय."

मी "बरं" म्हटलं आणि अंड्यांचा खोका उघडून एखादं फुटलंय का ते बघू लागलो. आमच्या घरात मोठी गोष्ट अशीच ऐकायची असते, दुसरं काहीतरी करत.

नाना म्हणजे माझे वडील, त्र्यंबक गर्गे. नाशिकच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. २००१ साली आई गेली आणि त्यानंतर मी त्यांना इकडे घेऊन आलो. टेक्सासात त्यांना काहीच आवडलं नाही. रस्ते रुंद, माणसं दिसत नाहीत, भाजीला वास नाही. माझी मुलगी आन्या त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते तिला मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचं छान चाललं होतं, कारण दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. २००२ च्या शेवटी आमच्या गावापर्यंत डॅलसची लाइट रेल, म्हणजे शहरी रेल्वे, आली आणि नानांना पाय फुटले. डॅलसच्या एका विद्यापीठात धर्मशास्त्राचं मोठं ग्रंथालय आहे. तिथे जुन्या मिशनऱ्यांची पत्रं मायक्रोफिल्मवर बघायला मिळतात हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी त्यांना पार्कर रोड स्टेशनवर सोडायचो. पोळी-भाजीचा डबा, चष्म्याची दोन घरं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन एकोणसत्तर वर्षांचा माणूस कॉलेजला निघाल्यासारखा गाडीत चढायचा.

मला विचाराल तर मला त्या पाळकाचं काही पडलेलं नव्हतं. मला एकच हवं होतं. नानांनी माझ्या बहिणीशी बोलावं.

रुपाली माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पुण्यात लॅबमध्ये नोकरी करताना तिला विवेक साळवे भेटला. नगरचा, ख्रिस्ती, अतिशय सरळ माणूस. १९९२ साली त्यांनी लग्न केलं, आणि त्याच्या महिनाभर आधी रुपालीनं बाप्तिस्मा घेतला. नानांना वाटत होतं की पोरानं भरीला घातलं. रुपालीनं त्यांना तोंडावर सांगितलं, "विवेक नको म्हणत होता. हे मी माझ्यासाठी केलंय." ते वाक्य ती बोलली नसती तर कदाचित इतकं झालं नसतं. पण ती गर्ग्यांचीच होती.

त्या दिवशी नानांनी तिच्या नावानं अंघोळ केली. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. खरोखर केली. मागच्या नळाखाली बसून, अंगातल्या कपड्यांनिशी, डोक्यावरून बादली घेतली. मग कोरडं नेसून जेवायला बसले. आईनं वाढलं आणि स्वतः उपाशी राहिली. मी तेव्हा अमेरिकेत होतो, मला हे आईनं फोनवर सांगितलं. त्यानंतर बारा वर्षं नानांच्या तोंडून रुपालीचं नाव निघालं नाही. कोणी मुलांबद्दल विचारलं तर म्हणायचे, मला एकच मुलगा.

पुढे विवेकला सिॲटलजवळ बॉथेलच्या एका बायोटेक कंपनीत नोकरी लागली आणि तीही अमेरिकेत आली. मी दर रविवारी तिला फोन करायचो, पण घरातून नाही. किराणा आणायला जायचो आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा तास बोलायचो. ती आधी विचारायची, "नाना बरे आहेत ना?" आणि मग बाकीचं. घरी आलो की नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "काय, सगळं मिळालं का व्यवस्थित?" मी म्हणायचो, "मिळालं." दोघांनाही माहीत होतं की प्रश्न कोथिंबिरीबद्दल नाही.

चरित्र हळूहळू पुढे सरकत होतं. नाना एक प्रकरण तीनदा लिहायचे. आधी पेन्सिलीनं, मग निळ्या शाईनं, मग पक्कं. पक्कं झालेलं माझी बायको दीपा शनिवारी कॉम्प्युटरवर टाइप करायची. जेवताना आम्हाला पाळक गर्ग्यांचा ताजा हप्ता मिळायचा.

विनायक सिन्नरचा. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी, १८५८ साली, बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. बापानं मेलेल्या माणसाचे करतात तसे त्याचे दिवस केले. विनायकाची बायको यमुना तेव्हा बारा वर्षांची होती. नवरा चार कोसांवर मिशनच्या वसाहतीत जिवंत होता आणि इकडे तिचं कुंकू पुसलं, केस काढले. पुढे ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नांबद्दल कायदा झाला तेव्हा विनायकानं तिला मागण्यासाठी कोर्टात अर्ज केला. न्यायाधीशानं पडद्याआडून तिला विचारलं, या माणसाबरोबर जायचंय का? ती म्हणाली, "माझा नवरा वारला." कायद्यानं वर्षभर थांबायला सांगितलं होतं. वर्षानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. विनायकानं दुसरं लग्न केलं नाही.

"तिला दोष देऊ नका," नाना पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले. आम्ही कोणी देत नव्हतो.

मग तो डीकन झाला, म्हणजे अर्धा पाळक, आणि तीन वर्षांनी मुंबईला बिशपनं डोक्यावर हात ठेवून त्याला पुरा पाळक केला. त्याच्यावर वीस-पंचवीस वर्षांची इंग्रज पोरं साहेब म्हणून यायची. त्यांना मराठी शिकवायचं, ती शिकली की त्यांच्या हाताखाली काम करायचं, ती परत गेली की नवी यायची. शहात्तरच्या दुष्काळात त्यानं अनाथ मुलांची पंगत सांभाळली. मुलं मेली की खड्डा स्वतः खणायचा, कारण कोणी हात लावायला तयार नसायचं. त्याला कधीही स्वतःचं चर्च मिळालं नाही. आयुष्यभर तो कोणाचा तरी सहायकच राहिला.

दर वर्षाअखेर प्रत्येक पाळकाला मिशनच्या लंडनमधल्या कचेरीला वार्षिक पत्र लिहावं लागे. किती बाप्तिस्मे, किती शाळा, किती मुलं. विनायकाची सत्तावीस पत्रं नानांना सापडली. एका गुरुवारी ते स्टेशनवरून गाडीत बसले आणि पट्टा न लावताच बोलायला लागले. "प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ आहे. सत्तावीसही पत्रांत. 'माझ्या घरची माणसे सुखरूप आहेत असे ऐकतो.' लंडनमधल्या साहेबाला काय करायचंय ते? पण लिहायचा. कुठेतरी लिहायला हवं ना." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हटलं, "नाना, पट्टा लावा." 

ऑक्टोबरमध्ये, २००३ साली, दीपानं मला एक कागद दाखवला. नानांनी टायपिंगसाठी दिलेल्या गठ्ठ्यातलं पहिलं पान. त्यावर फक्त एवढंच होतं: चिरंजीव रुपालीस.

मी तो कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "तिला सांगायचं नाही. पुस्तक पुरं झालं की मी स्वतः जाऊन हातात देईन."

"आत्ता नुसता फोन केला तरी चालेल, नाना."

"फोनवर काय बोलू? अकरा वर्षांनी रिकाम्या हातानं काय बोलू?" त्यांचे कान लाल झाले होते. "तू मध्ये पडू नकोस. शब्द दे."

मी शब्द दिला. आनंदानं दिला. बाहेर येऊन दीपाला म्हटलं, बघ, म्हातारा विरघळला. दीपा म्हणाली, "मग उद्याच फोन करायला लाव ना. वाट कसली बघतोस?" पण मला वाटलं, त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे. दहा प्रकरणं झाली आहेत, दोनच राहिली आहेत.

जानेवारीत एका रविवारी पार्किंगमध्ये रुपालीनं मला सांगितलं की तिला कॅन्सर आहे. अंडाशयात सुरू झालेला, यकृतापर्यंत गेलेला. ती लॅबमधली बाई, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत होती. मी रडायला लागल्यावर म्हणाली, "दादा, काचा वर आहेत ना? लोक बघतील."

मग म्हणाली, "नानांना सांगायचं नाही."

"रुपा, उलट आता तर—"

"नाही. मी आजारी आहे म्हणून ते येणार, डोक्यावरून हात फिरवणार. मला ती दया नकोय. यायचं असेल तर मी धडधाकट आहे असं समजून यावं. शप्पथ घे."

मी शपथ घेतली. आता माझ्याकडे दोघांचे दोन शब्द झाले. एक वाक्य बोललो असतो तर दोन्ही मोडले असते आणि दोघंही सुटली असती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात हे असंच चालत आलंय. आजी गेल्याचं मला बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. आईला कॅन्सर आहे हे आई सोडून सगळ्यांना माहीत होतं. वाईट बातमी माणूस बघून, वेळ बघून द्यायची, नाहीतर द्यायचीच नाही, यात आम्ही पटाईत. आणि ज्याला सगळं माहीत असतं त्याला वाटत असतं की आपण घर सांभाळतोय. मलाही वाटत होतं.

त्या रविवारी घरी आलो. नानांनी विचारलं, "सगळं मिळालं का व्यवस्थित?"

"मिळालं," मी म्हटलं.

फेब्रुवारीत अकरावं प्रकरण झालं. बाराव्यापाशी गाडी अडली. विनायक गर्गे १८९९ साली प्लेगमध्ये गेला एवढं माहीत होतं, पण कसा, कुठे, कोण होतं जवळ, याचा पत्ता नव्हता. त्या वर्षाची फिल्म डॅलसमध्ये नव्हती. ती लंडनहून मागवावी लागणार होती. दोन महिने लागतील म्हणाले, मग तीन.

"तेवढं एक प्रकरण राहू द्या," मी दर आठवड्याला म्हणत होतो. "अकरा प्रकरणं घेऊन जाऊ. रुपाला काय, ती थोडीच परीक्षा घेणार आहे."

"शेवटी घरचं कोणी त्याच्याकडे गेलं की नाही, हे कळल्याशिवाय तिला काय देऊ?" नाना म्हणाले. "तेच तर तिला सांगायचंय." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "तुला एवढी घाई का झालीय?"

तो क्षण होता. दीपा सिंकपाशी उभी होती; रुपाचं आजारपण मी फक्त तिलाच सांगितलं होतं. तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घाई कसली? सहज." दीपानं नळ पुन्हा सोडला.

ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "यू आर प्लेइंग गॉड, शैलेंद्र. तू नाही सांगितलंस तर मी सांगीन." मी तिलाही शपथ घातली. आन्याची घातली. दीपाचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आन्याची शपथ मोडायचा तिला धीर झाला नाही, आणि हे मला पक्कं माहीत होतं म्हणूनच मी ती घातली. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज या गोष्टीची वाटते.

एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाचं निमित्त काढून मी बॉथेलला एक दिवस जाऊन आलो. रुपाली खिडकीपाशी आरामखुर्चीत होती, डोक्याला रुमाल. तिनं विचारलं, "नाना बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. "काय करतात दिवसभर?" मी म्हटलं, वाचतात, लिहितात. "काय लिहितात?"

मी म्हटलं, "असंच काहीतरी. इतिहासाचं."

ती हसली. "अजून तीनदा लिहितात का? पेन्सिल, शाई, पक्कं?" मी मान डोलावली. तिला सगळं सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. विवेक चहा घेऊन आला आणि आम्ही सिॲटलच्या ट्रॅफिकबद्दल बोललो.

नऊ जूनला, बुधवारी सकाळी, विवेकचा ऑफिसात फोन आला. रुपाली पहाटे गेली. शनिवारी त्यांच्या एपिस्कोपल चर्चमध्ये उपासना आणि मग दफन. हे चर्च म्हणजे पाळक गर्ग्यांच्याच अँग्लिकन चर्चची अमेरिकेतली शाखा, हे मला नानांमुळे माहीत झालं होतं.

मी घरी येऊन दीपाला बाजूला घेऊन सांगितलं. ती भिंतीला टेकून रडली आणि मग म्हणाली, "आज तरी सांग." मी म्हटलं, आज नको. मी जाऊन येतो. आल्यावर टप्प्याटप्प्यानं सांगू. आधी म्हणू रुपाली आजारी आहे. मग आठवड्यानं म्हणू, सिरियस आहे. मग सांगू. त्यांचं बीपी आहे, एकदम सांगून कसं चालेल? मी हे अगदी गंभीरपणे, प्रोजेक्ट प्लॅन मांडावा तसं मांडत होतो. नानांना सांगितलं, सिॲटलला क्लायंटकडे जायचंय, शुक्रवारी निघतो. गुरुवारी बॅग भरून दाराशी ठेवली.

गुरुवारी दुपारी नाना स्टेशनवरून टॅक्सी करून घरी आले. असं ते कधी करत नसत. मी घरीच होतो, ऑफिसात बसवेना म्हणून लवकर आलो होतो. त्यांनी बूट काढले नाहीत. डबा टेबलावर ठेवला, तो उघडलेला नव्हता.

"फिल्म आली," ते म्हणाले. "शेवटचं मिळालं."

"कळलं का? कोणी गेलं होतं?"

ते खुर्चीवर बसले. "प्लेगच्या छावणीत लोकांची सेवा करताना त्याला झाला. तिथला तरुण साहेब, त्याचं पत्र आहे. लिहितो की छावणीच्या फाटकाबाहेर एक म्हातारा ब्राह्मण तीन दिवस येऊन उभा राहायचा. सकाळी यायचा, उन्हं कलली की जायचा. रखवालदाराला विचारायचा, गर्गे पाळक कसे आहेत? साहेबानं स्वतः जाऊन सांगितलं, आत या, ते शुद्धीवर आहेत, तुम्हाला घेऊन जातो. आला नाही. चौथ्या दिवशी त्याला सांगितलं, गेले. तर रस्त्यातच खाली बसला आणि उपरणं तोंडात कोंबलं. साहेबानं नाव विचारलं. सांगितलं नाही."

"खापरपणजोबा?"

"दुसरं कोण असणार? सख्खा भाऊ. तीन दिवस, शैलेंद्र. आत माणूस शुद्धीवर होता." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी मूर्ख माणूस. फिल्मची वाट बघत बसलो चार महिने. हे कळायला फिल्म कशाला हवी होती?"

मग त्यांचं लक्ष दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेलं.

"तू सिॲटललाच चाललायस ना? तिथून बॉथेल वीस मैल आहे, मी नकाशात बघितलंय. माझं पण तिकीट काढ. पुस्तक राहू दे. मी जातो आणि दार वाजवतो. तिला काय बोलायचंय ते बोलू दे मला."

मी उभा होतो. दीपा आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. नाना आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले. चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस. पोरांची तोंडं त्याला वाचता येत होती.

"काय झालं?" ते म्हणाले.

"नाना, रुपा आजारी होती," मी म्हटलं. माझा टप्प्याटप्प्याचा प्लॅन मी खरंच सुरू केला. अजूनही मला ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

"होती म्हणजे?"

दीपा पुढे आली, त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "नाना, रुपाताई काल पहाटे गेल्या."

बराच वेळ नाना टेबलावरच्या डब्याकडे बघत होते. रडले नाहीत. मग मला विचारलं, "कधीपासून होती आजारी?"

"जानेवारी."

"जानेवारी," ते म्हणाले. मनातल्या मनात काहीतरी जुळवत असावेत. "म्हणजे मी दर रविवारी तुला विचारत होतो, तेव्हा."

"हो."

"मला सांगायचं नाही हे कोणी ठरवलं?"

"रुपानं शपथ घातली होती."

"आणि मी पुस्तक लिहितोय हे तिला माहीत होतं?"

"नाही. तुम्ही शब्द घेतला होता."

नानांनी मान डोलावली. शांतपणे, एखाद्या मुलानं उत्तर बरोबर दिल्यावर डोलवावी तशी. "दोघांचाही शब्द पाळलास," ते म्हणाले. "शाबास." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्या एका शब्दानंतर मला त्यांच्याजवळ जाता आलं नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं आन्याला घेऊन बॉथेलला गेलो. विमानात नाना दीपाशेजारी बसले. विवेकनं दार उघडलं तेव्हा मला वाटलं, आता काय होणार? पण नानांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं आत गेले. शनिवारी ते चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. सगळे उठले की उठत, बसले की बसत. दफनाच्या वेळी पाळकबाईंनी त्यांच्या हातात माती दिली ती त्यांनी टाकली. अंगावर पांढरं धोतर आणि कोट, जूनमधला तो बारीक पाऊस, आणि त्यांनी कोणाला छत्री धरू दिली नाही.

संध्याकाळी घरात चौघंच होतो. आन्या वर झोपली होती. नानांनी विवेकला विचारलं, "तिनं माझी वाट बघितली का?"

मी मध्येच म्हटलं, "नाना, शेवटी तिला फारसं कळत नव्हतं—"

"मी त्यांना विचारतोय," नाना म्हणाले.

विवेक म्हणाला, "हो नाना. बघितली. मार्चपासून रोज बघितली. गाडी आली की मला दाराकडे पाठवायची. तुम्ही आलात तर हे सांगू नकोस असंही म्हणाली होती. पण मला लपवाछपवी जमत नाही. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"बरं केलंत," नाना म्हणाले. आणि मग मात्र ते रडले, तोंडावर काही न धरता, आवाज करून. विवेक त्यांच्या शेजारी बसून राहिला. दीपानं मला खुणेनं त्यांच्याजवळ जायला सांगितलं. मी गेलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. ते रडता रडता विवेकला म्हणत होते, "मला सगळं सांगा. जानेवारीपासून सांगा. एकही दिवस सोडू नका."

सोमवारी आम्ही परत निघालो तेव्हा नाना निघाले नाहीत. विवेकनं त्यांना राहा म्हटलं होतं. मला वाटलं, महिनाभर राहतील. आता चार वर्षं झाली. ते बॉथेललाच असतात. विवेक कामावर गेला की भाजी चिरून ठेवतात, बुधवारी त्याच्याबरोबर जाऊन तिच्या थडग्यावरचं गवत साफ करतात. चरित्र अकरा प्रकरणांचंच राहिलं. विवेकनं त्याच्या पाच प्रती काढून घेतल्या, एक मला पाठवली. बारावं प्रकरण लिहा असं मी एकदाच सुचवलं, ते म्हणाले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

माझ्यावर रागावले आहेत असं कोणी म्हणणार नाही. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. आता मी घरातूनच बोलतो. ते आन्याच्या शाळेचं विचारतात, टेक्सासच्या उन्हाळ्याचं विचारतात. गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा दीपानं त्यांना हॉस्पिटलमधून, त्याच तासाला फोन करून कळवलं. दुसऱ्या दिवशी नानांनी मला विचारलं, कसा आहेस? मी म्हटलं, "मी बरा आहे, नाना. अगदी ठणठणीत आहे." खरंच बरा होतो.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोन दीपाकडे दे."

आता दर रविवारी हेच होतं. ते विचारतात, मी बरा आहे म्हणतो, आणि ते म्हणतात, फोन दीपाकडे दे.